‘पण लक्षात कोण घेतो’ अखेर वाचून झाली!

आजचा भाग एका कबुलीने सुरू करते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी माझ्याकडे कॉलेजपासून पडून होती. तीनदा सुरू केली, तिन्ही वेळा पहिल्या पन्नास पानांतच अडकले. कुणी विचारलं की “हो, वाचायचीय ना” एवढंच म्हणायचं. गेल्या महिन्यात ती संपली. मग कळलं की पुस्तक अवघड नव्हतं, माझी वाचायची पद्धत चुकत होती.

मुळात ही कादंबरी एका दमात वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती हप्त्याहप्त्याने छापून आली. १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं. म्हणजे तेव्हाचा वाचक थोडं वाचायचा आणि पुढच्या अंकाची वाट बघायचा. आपण नव्या एपिसोडची बघतो ना, अगदी तशीच. आणि मी काय करत होते? रविवारी बसून शंभर पानं उरकायला बघत होते! सलग वाचताना घरातल्या बारीकसारीक गोष्टींचा कंटाळा यायचा. रोज थोडंथोडं वाचायला लागले, तशी तीच माणसं ओळखीची झाली.

दुसरी भीती होती भाषेची. १३० वर्षांपूर्वीचं मराठी, कसं झेपणार? पण ही गोष्ट सांगते यमू, पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. आईवडील, दादा, लग्न, सासर, सगळं ती ‘मी’ म्हणून सांगते. काही शब्द अडतात, पण सूर गप्पांचा आहे. अडलं की मी ते वाक्य मोठ्याने वाचायचे, आणि बहुतेक वेळा अर्थ लागायचा.

हे सगळं कधी छापून येत होतं, तेही बघा. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ झालं. हो, फक्त १२! तरी त्यावरून पुण्यात प्रचंड वाद पेटला होता. सभांमध्ये, वर्तमानपत्रांत पुरुष भांडत होते. आपट्यांनी त्याच काळात, ज्यांच्याबद्दल हे भांडण चाललं होतं त्यांच्यातल्या एकीला बोलतं केलं. कादंबरीच्या नावातला प्रश्न मला तिथे खरा कळला.

यमूचा नवरा तिला शिकवतो, दोघांचे थोडे दिवस सुखाचे जातात. मग तो जातो, आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं. तिथे मी चार दिवस थांबले. आमच्याकडे आईच्या पणजीचा एक फोटो आहे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. लहानपणी मला वाटायचं, तिला थंडी वाजत असेल. आता आईला विचारलं. ती म्हणाली, “एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा.” इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि आमच्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं.

तुम्हाला वाचायची असेल, तर मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगते. एक, प्रस्तावना शेवटी वाचा. दोन, माहेरची आणि सासरची माणसं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. नात्यांचा गोंधळ सुरुवातीलाच होतो. तीन, रोज एकच प्रकरण. पुढचं वाचावंसं वाटलं तरी थांबा. ती ओढच दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायला लावते.

आणि हो, आपटे १९१९ मध्ये गेले, त्यामुळे पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. म्हणजे “महाग आहे” ही सबब चालणार नाही!

तुमच्या कपाटात असं कुठलं पुस्तक पडून आहे? आज त्याचं फक्त पहिलं प्रकरण वाचा. भेटू पुढच्या भागात.