बुबुळावरचे फूल आणि अनुदानाचा अर्ज

आश्विन सरता सरता मावळात भाताची कापणी सुरू होते. तळेगावच्या शेजारी असलेल्या वराळ्याच्या शिवारातही विळे चालू लागतात. वाकून कापताना भाताचे धारदार पाते डोळ्याला घासते. झोडणीच्या वेळी एखादे कुसळ उडून बुबुळावर बसते. डोळा चोळला जातो, पाण्याचा हबका मारला जातो आणि काम पुढे चालते. कारण आभाळ भरून आले असता पीक शेतात टाकून डोळा दाखवावयास जाणारा शेतकरी विरळाच. चार दिवसांनी डोळा लाल होऊन ठणकू लागतो. मग दुकानातून कसलेसे थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असले आणि जखमेत बुरशी शिरलेली असली, तर रोग बळावतो. शेवटी व्रण भरतो, परंतु त्या जागी पांढरा डाग राहतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतके गोड नाव भाषेने का दिले असावे, कोण जाणे!

समजा, मावळातील एखाद्या तरुण नेत्रवैद्याला दर वर्षी कापणीनंतर असे रुग्ण दिसतात आणि यावर संशोधन करावे असे त्याच्या मनात येते. तळेगावात १९९५ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे व त्याला जोडून ग्रामीण रुग्णालयही आहे. तेव्हा हा विचार अगदीच अवास्तव नव्हे. पण संशोधनास पैसा लागतो आणि पैशासाठी अर्ज करावा लागतो. येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. अर्ज म्हणजे गरजेचे करुण वर्णन, अशी त्यांची समजूत असते. पानेच्या पाने अंधत्वाच्या दुःखावर खर्च होतात आणि नेमके काय शोधावयाचे ते शेवटच्या चार ओळींत उरकले जाते. अर्ज तपासणारे बहुधा स्वतः संशोधक असतात. अंधत्व वाईट, हे त्यांना सांगावे लागत नाही. अर्जदाराचा प्रश्न कोणता आणि त्याचे उत्तर त्याला खरोखर मिळेल काय, एवढेच ते पाहतात.

‘मावळातील डोळ्यांच्या दुखापतींचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘डोळा खरचटल्यापासून एका दिवसाच्या आत गावातील आशा कार्यकर्तीने मलम घातले, तर व्रण होण्याचे टळते काय?’ हा प्रश्न झाला. मात्र तो पूर्वी कोणी विचारला होता काय, हे आधी पाहिले पाहिजे. आणि हा तर विचारला गेलेला आहे. नेपाळातील भक्तपूर येथील पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. ३४,९०२ लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. बुबुळ खरचटल्यावर अठरा तासांच्या आत ज्या २८४ जणांना जंतुनाशक मलम सुरू झाले, त्यांतील एकालाही व्रण झाला नाही. येथे कोणासही वाटेल की प्रश्न सुटला, आता मलम वाटावे म्हणजे झाले. तथापि त्या पाहणीत मलम न मिळालेल्यांचा तुलनेचा गट नव्हता. पुढे नेपाळच्याच तराईत चोवीस ग्रामविकास समित्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून मोठा प्रयोग झाला. २०२२ साली त्याचा निष्कर्ष आला, तेव्हा दोन्ही गटांत व्रणांचे प्रमाण सारखेच आढळले. एकाच देशात, एकाच उपायाची दोन उत्तरे! मावळातील अर्जदाराची खरी जागा या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. खरचटलेले लोक मलमापर्यंत वेळेवर पोहोचतच नाहीत काय? की त्यांतील पुष्कळशा जखमा आपोआपच भरणाऱ्या असतात? पूर्वीचे काम असे वाचलेले आहे, हे ज्या अर्जातून दिसते, तो तपासनीस पुन्हा उलटून वाचतो.

त्यानंतर येते गणित, आणि उत्साही माणसाचे पाय जमिनीवर आणण्याचे काम तेच करते. मदुराई भागात व्रणाचे प्रमाण वर्षाला लाखामागे ११३ असल्याचा अंदाज १९९६ साली प्रसिद्ध झाला. भक्तपूरच्या पाहणीत ते लाखामागे ७९९ निघाले. पाच हजार वस्तीचे एक गाव धरले, तर पहिल्या हिशेबाने वर्षाला पाच-सहा रुग्ण, दुसऱ्याने चाळीस. मावळ मदुराईसारखा निघाला, तर गावाचे दोन भाग करून एका भागात मलम दिल्यावर दोन्हीकडे जेमतेम तीन-तीन रुग्ण उरतील. तीन आणि दोन यांतील फरक औषधाचा की योगायोगाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेव्हा एकट्या वराळ्याच्या बळावर हा प्रयोग उभा राहत नाही. त्याला अनेक गावे हवीत. मावळातील प्रमाण आधी ठाऊक नसेल, तर पहिला अर्ज केवळ ते मोजण्यासाठी करावा. हा मार्ग अनेकांना कमीपणाचा वाटतो. वस्तुतः लहान अर्ज मंजूर होऊन वेळेत पुरा झाला, की मोठ्या अर्जास त्याच्याइतकी दुसरी शिफारस नाही.

मोजावयाचे कसे, हेही स्पष्ट लिहावे लागते. फ्लुओरेसिन या रंगाची पट्टी डोळ्यास लावून निळ्या प्रकाशात पाहिले असता खरचटलेली जागा हिरवी चमकते. ही परीक्षा शिकवण्यास सोपी आहे. व्रण झालाच तर त्यातील अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. कारण मदुराईच्या १९९७ सालच्या पाहणीत ज्यांच्या व्रणात जंतू वाढले, त्यांतील जवळजवळ निम्म्यांत बुरशी होती आणि तिचे औषध निराळे. खर्चाच्या तक्त्यात मग या पट्ट्या, निळ्या विजेऱ्या, कार्यकर्त्यांचे मानधन, गावोगावचा प्रवास आणि आकडे नोंदणारा एक माणूस एवढे आले पाहिजे. काही अर्जदार याच संधीस आपल्या विभागासाठी एक किंमती यंत्र मागून घेतात. प्रश्नाशी त्या यंत्राचा संबंध नसेल, तर ते तक्त्यात ताबडतोब खुपते.

अर्ज कोठे करावा? १९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत रूपांतर झाले. वैद्यकीय संशोधनाचे दार प्रथम तेथेच ठोठवावयाचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी परिषदेने १९७९ सालापासून अल्पमुदतीची शिष्यवृत्तीही ठेवली. मूलभूत विज्ञानासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले. परदेशी निधीही मिळू शकतो. बुरशीच्या व्रणावर नॅटामायसिन सरस ठरवणारा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या साहाय्याने झाला आणि त्याचा पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेचा होता. मात्र परदेशी सहकार्यास सरकारी छाननी समितीची संमती लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

नीतिसमितीची मान्यता हवीच. उपचारांची तुलना करणारा प्रयोग असेल, तर पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद झाली पाहिजे. २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून केलेली नोंद चालत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ते कचेरीच्या मराठीत नसावे. ‘कॉर्नियल अल्सर’ हे शब्द कापणीवरून आलेल्या बाईला काय सांगणार? ‘डोळ्यात फूल पडू नये म्हणून’ असे लिहिले, की सही करण्यापूर्वीच ती दोन प्रश्न विचारते: मलम सर्वांना मिळणार की काहींनाच, आणि मला न मिळाल्यास माझ्या डोळ्याचे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्जात आधीच लिहिलेले असावे लागते. ज्यांना मलम मिळणार नाही त्यांचा डोळा कोण व किती दिवसांनी पाहील, आणि दुखणे वाढल्यास त्यांना तळेगावपर्यंत नेणारे वाहन कोणाच्या खर्चाने निघेल, तेही त्याच पानावर.