सूर आधी, ठेका नंतर

१९८१च्या सुमारास रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटी आणली. बासवाला सोबतीला नसला तरी गिटारवाल्याला घरी रियाज करता यावा, हा तिचा हेतू. पेटीवर पियानोच्या पट्ट्यांच्या क्रमाने १३ बटणं आणि वर बारक्या नॉब्सची रांग. आवाज लाजवाब, पण तिच्यात चाल भरणं महाकठीण.

एका पॅटर्नमध्ये १६ घरं. पिच मोडमध्ये आधी नुसते सूर भरायचे. मग टाइम मोडमध्ये जाऊन कुठल्या घरात सूर वाजेल, कुठे लांबेल आणि कुठे गप्प बसेल, ते सांगायचं. सप्तक खाली-वर करणाऱ्या बटणांना इथे दुसरंच काम. मधला एखादा सूर भरायचा राहिला, की पुढचे सगळे एकेक जागा अलीकडे सरकतात आणि चालीचा पार विचका होतो. सूर आणि ठेका गाणाऱ्याच्या मनात एकदमच येतात. यंत्राने त्यांची फारकत केली, ही रचनेतली खरी चूक.

तरीही हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी हीच पेटी, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि रागाच्या आलापीसाठी ज्युपिटर-८ घेऊन १९८२मध्ये दहा रागांची तबकडी केली. टीबी-३०३वर स्लाइडचं वेगळं बटण आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्याने होते. रागाला मींड हवीच, म्हणून हे एक बटण मला बाकी सगळ्या पेटीपेक्षा मोलाचं वाटतं. शिकागोत याच पेटीतून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत जन्मलं, ते नंतर.

१९८३च्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरने नॉब्सना जवळजवळ रजाच दिली. सपाट पडद्याची बटणं, एक सरकती कळ, दोन ओळींचा डिस्प्ले. स्वतःचा टोन घडवायचा तर पानामागून पान चाळा. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच टोन वाजवले, यात नवल नाही.

मेन्यूची ही अडचण ठाण्यातल्या खोपटच्या मांडवात जास्त कळते. गणपतीत निवेदक पुढच्या गाण्याचं नाव घेतो आणि कीबोर्डवाल्याकडे जेमतेम दोन वाक्यांचा वेळ उरतो. तेवढ्यात ब्रासवरून बासरीवर यायचं. म्हणून जाणता वादक दुपारीच कार्यक्रमाच्या क्रमाने टोन लावून ठेवतो. मग ‘+’ एकदा दाबलं की पुढचं गाणं हजर. हेच काम पायाच्या स्विचला देता आलं, तर दोन्ही हात पट्ट्यांवर राहतात.

यातही बटण धड हवं. अनेक कीबोर्डमध्ये बटणाच्या रबराखाली कार्बनचा काळा ठिपका असतो. तो सर्किटबोर्डला टेकला की बटण लागतं. मांडवातली धूळ आणि दमट हवा तिथे बसली की एका दाबात काम होत नाही. वादक पुन्हा दाबतो, दोन्ही दाब एकदम लागतात आणि टोन दोन घरं पुढे जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने ठिपका हलक्या हाताने पुसावा. घासून कार्बन निघाला तर बटण लागणंच बंद होतं.

रोलँडने २०१६मध्ये टीबी-०३ काढली, तेव्हा जुना आवाज आणि जुनी बटणं ठेवून चार अंकी डिस्प्ले दिला. जुन्या पद्धतीच्या जोडीला स्टेप रेकॉर्डिंगचीही सोय केली, म्हणजे एकेक घर घेऊन चाल भरता येते. इतकी साधी दुरुस्ती व्हायला ३५ वर्षं लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.