कोलकात्याची चिनी वस्ती : एक परिचय आणि एक प्रश्न

भारत आणि चीन यांच्या संबंधांचा विचार करताना बौद्ध वाचकांच्या मनात प्रथम दोन नावे येतात : फाहियान आणि ह्युएन त्संग. फाहियानने पाचव्या शतकाच्या आरंभी बंगालच्या किनाऱ्यावरील ताम्रलिप्ती बंदरात दोन वर्षे राहून सूत्रग्रंथांच्या प्रती तयार केल्या व तेथूनच तो सिंहलद्वीपाकडे जहाजाने निघाला. ज्ञानासाठी आलेल्या या यात्रिकांचा इतिहास आपण आदराने वाचतो. परंतु फाहियाननंतर सुमारे चौदा शतकांनी त्याच बंगालमध्ये आणखी काही चिनी माणसे आली. ती सूत्रांसाठी नव्हे, तर पोटासाठी आली होती. त्यांची वस्ती कोलकाता शहरात आजही आहे. मात्र तिचा अभ्यास आपल्याकडे फारसा झालेला नाही. ही वस्ती केवळ प्रेक्षणीय स्थळ नाही. जातिव्यवस्थेविषयी आपण जो प्रश्न वारंवार विचारतो, त्याचे एक महत्त्वाचे उत्तर तेथे सापडते, म्हणून तिचा परिचय करून घेणे आवश्यक आहे.

वस्तीचा प्रारंभ

कोलकात्याच्या चिनी समाजाच्या परंपरेत पहिला मान यांग दाझाओ यास दिला जातो. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव टाँग अच्यू असे आढळते. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना त्यास बजबज गावाजवळ हुगळी नदीच्या काठी जमीन मिळाली. तेथे त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला आणि त्यासाठी चिनी कामगार आणले. त्याच्या नावावरून त्या ठिकाणास अछिपूर म्हणतात. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल समाधी असून चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबे अजूनही तेथे जातात.

पुढे ही माणसे शहरात स्थिरावली. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ, पोद्दार कोर्टच्या परिसरात, टिरेटा बाजार नावाचा भाग आहे. एडवर्ड टिरेटा या इटालियन गृहस्थाच्या मालकीचा बाजार अठराव्या शतकात तेथे होता, त्यावरून हे नाव पडले. चीनमधील निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या लोकांनी येथे निरनिराळे व्यवसाय धरले. कँटनकडील लोक सुतारकामात निष्णात होते. गोदीत व जहाजांवर त्यांना काम मिळे. हुपेह प्रांतातील लोक दंतवैद्य झाले. शांतुंगचे लोक रेशमी कापड दारोदार विकत. हक्का लोकांनी जोडे शिवण्याचा व कातडी कमावण्याचा व्यवसाय पत्करला. बेंटिंक स्ट्रीटवरील चिनी जोड्यांची दुकाने एके काळी साऱ्या शहरास परिचित होती. 'हक्का' या शब्दाचा अर्थच 'पाहुणी कुटुंबे' असा आहे. म्हणजे हे लोक खुद्द चीनमध्येही स्थलांतरितच समजले जात.

बाजार आणि खाद्यपदार्थ

रविवारी पहाटे टिरेटा बाजारात गेल्यास रस्त्याच्या कडेला न्याहारीचा बाजार भरलेला दिसतो. वाफेवर शिजविलेले मोमो, मांसाचे सारण भरलेले बाओ, सुई माई, मासळीच्या गोळ्यांचे सूप, पानांत बांधून उकडलेला चिकट भात असे पदार्थ टोपल्यांतून व पातेल्यांतून विकले जातात. सकाळचे नऊ वाजण्यापूर्वी बहुतेक सारे संपते. पूर्वी येथे विकणारे व खाणारे दोघेही प्रामुख्याने चिनी असत. आता चिनी विक्रेते थोडे उरले असून खाणाऱ्यांत शहरातील हौशी मंडळींचा भरणा अधिक असतो. जवळच्या दुकानांत सोया सॉस, हिरव्या मिरचीचा सॉस, नूडल्स, सुकविलेली सॉसेज आणि पूजेच्या उदबत्त्या मिळतात. १९५८ पासून चालत आलेले पौ चाँग हे सॉसचे दुकान त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रातील गावोगावच्या चौकांत 'चायनीज'च्या गाड्यांवर मिळणारे हक्का नूडल्स व चिली चिकन यांचे मूळ कोलकात्याच्या याच समाजाच्या स्वयंपाकात आहे. मांचुरियन हा पदार्थ मांचुरियात कोणास ठाऊक नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास तो मुंबईत सिद्ध केला, असे सांगितले जाते. आपण जे अन्न परके म्हणून खातो, ते या देशातच जन्मलेल्या माणसांनी या देशाच्या जिभेसाठी घडविलेले आहे.

मंदिरे आणि अवलोकितेश्वर

या वस्तीतील मंदिरांस कोलकात्यात 'चर्च' म्हणतात; ख्रिस्ती धर्माशी त्यांचा काही संबंध नाही. प्रत्येक मंदिर एकेका प्रदेशातून आलेल्या लोकांच्या मंडळाचे आहे. नव्याने उतरलेल्या माणसास निवारा देणे, त्याला काम मिळवून देणे, निराधाराचा अंत्यविधी करणे ही कामे ही मंडळे करीत. पूजास्थान वेगळे आणि समाजाचे कार्यालय वेगळे असा भेद तेथे नव्हता. विहार हे समाजाच्या जीवनाचे केंद्र असावे, असे मानणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

ब्लॅकबर्न लेनमधील तुंग ऑन मंदिर क्वान ती या तिसऱ्या शतकातील सेनापतीचे आहे. निष्ठेचे प्रतीक म्हणून त्याची पूजा होते आणि चिनी बौद्ध परंपरेत त्याला विहारांचा रक्षक मानतात. दुसरे एक मंदिर समुद्रदेवता थिएन हाऊ हिचे आहे. छातावाला गल्लीतील सी इप मंदिर १९०५ सालचे असून ते क्वान यिनचे आहे. मंदिरांत भविष्य पाहण्यासाठी बांबूच्या कांड्या ठेवलेल्या असतात. बुद्धाच्या शिकवणीत शकुन-भविष्याला स्थान नाही. त्या लोकरूढी म्हणूनच पाहिल्या पाहिजेत. परंतु क्वान यिन कोण, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

क्वान यिन म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. संस्कृतमध्ये या नामाचे 'अवलोकितस्वर' असेही एक जुने रूप आढळते, आणि 'जगाचा आवाज जाणणारा' हा चिनी नामाचा अर्थ त्या रूपाशी जुळतो. कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चिनी अनुवाद केला. त्यातील एका प्रकरणात आग, पूर, जहाजाची वाताहत, चोर, बेड्या अशा संकटांत सापडलेल्यांचा आक्रोश हा बोधिसत्त्व ऐकतो, असे वर्णन आहे. भारतात पुरुषरूपात कोरलेला हा बोधिसत्त्व चीनमध्ये दहाव्या शतकानंतर हळूहळू स्त्रीरूपात पूजिला जाऊ लागला. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर अष्टमहाभयांच्या मध्यभागी उभा आहे. त्याच्या बाजूच्या शिल्पांत फुटणारी नौकाही आहे आणि बेड्या पडलेला माणूसही आहे. कान्हेरीच्या लेण्यांतही असेच शिल्प आहे. म्हणजे छातावाला गल्लीतील मूर्तीचे मूळ आपल्या सह्याद्रीच्या दगडातही सापडते. जहाजाने परमुलखात आलेल्या सुतारांना व चांभारांना हा बोधिसत्त्व आपला का वाटला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

टँगराचे कातडे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी हक्का लोकांनी शहराच्या पूर्वेस, धाप्याच्या दलदलीजवळ, टँगरा येथे कातडी कमावण्याचे कारखाने काढले. ओली कातडी चुन्याच्या हौदात भिजविणे, त्यांवरील केस व मांस खरवडणे, मोठ्या लाकडी पिंपांत ती कमावणे आणि नंतर सुकविणे, असे हे दुर्गंधीचे व कष्टाचे काम होते. सवर्ण हिंदू त्याला विटाळ मानीत, म्हणून या धंद्यात त्यांची स्पर्धा नव्हती. हक्का कुटुंबांतील स्त्रियाही कारखान्यात राबत. दोन पिढ्यांत त्यांनी जमिनी घेतल्या, यंत्रे बसविली आणि टँगरा हे भारतातील चर्मोद्योगाचे एक मोठे केंद्र झाले.

याच कारखान्यांत बिहारमधून आलेले चर्मकारही मजूर म्हणून काम करीत. एलन ऑक्सफेल्ड या अमेरिकन अभ्यासिकेने टँगरामध्ये राहून केलेला अभ्यास १९९३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातही या मजुरांचा उल्लेख आहे. हौद एक, कातडे एक, दुर्गंधी एक. तरीही एकाच्या मुलाला वारशात कारखाना मिळाला आणि दुसऱ्याच्या मुलाला वारशात जात मिळाली.

पूज्य बाबासाहेबांच्या नागपूर येथील १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणाचे येथे स्मरण होते. मेलेली जनावरे ओढण्याचे सोडू नका, कातडी, शिंगे व हाडे यांतून तुम्हाला उत्पन्न मिळते, असा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी त्या भाषणात उत्तर दिले. त्यात एवढा लाभ असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. कोणी म्हणेल, टँगराच्या हक्का लोकांनी तो लाभ घेऊन दाखविला, मग टीकाकारांचे म्हणणे खरे ठरले नाही काय? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण तो टिकत नाही. हक्का माणसाने कातडे बाजारभावाने विकत घेतले. गावकीचे बंधन म्हणून मेलेले जनावर ओढले नाही. कारखाना त्याच्या मालकीचा होता. भांडवलासाठी त्याच्या पाठीशी नातेवाइकांचे व मंडळाचे बळ होते. धंदा सोडून त्याने उपाहारगृह काढले, तर त्याच्या हातचे अन्न खाण्यास शहर रांग लावते. गावच्या चर्मकाराला यांपैकी एकही गोष्ट मोकळी नव्हती. यावरून निष्कर्ष एकच निघतो. अस्पृश्यता कामाला चिकटलेली नव्हती, ती जन्माला चिकटलेली होती. 'घाणेरडे काम करतात म्हणून अस्पृश्य' हे जे कारण सांगितले जाते, ते टँगराच्या हौदांनी खोटे ठरविले आहे.

१९६२ आणि त्यानंतर

परंतु या कथेची दुसरी बाजूही आहे. जातिव्यवस्थेच्या बाहेर असल्यामुळे चिनी माणसाला जी मोकळीक मिळाली, तीच त्याच्या अंगावर उलटली. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यावर एक अध्यादेश निघाला व पुढे त्याचा कायदा झाला. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणीही शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, त्याला परकीयांचे निर्बंध लागू झाले. भारतात जन्मलेला, बंगाली बोलणारा माणूसही त्यातून सुटला नाही. आसाम, दार्जिलिंग आदी भागांतून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत वृद्ध होते, लहान मुले होती. काहींना जहाजाने चीनला पाठविण्यात आले. कित्येकांची सुटका होण्यास काही वर्षे लागली. कोलकात्यातील चिनी लोकांच्या हालचालींवरही निर्बंध आले. परतलेल्यांपैकी अनेकांची घरे व दुकाने परक्यांच्या ताब्यात गेली होती. येथेही माणसाचे आचरण पाहिले गेले नाही. त्याचा जन्म पाहिला गेला.

त्यानंतर ही वस्ती ओसरत गेली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव टँगरा, तिलजला, तपसिया व पागलाडांगा येथील सुमारे साडेपाचशे चर्मकारखाने हलविण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी शहराबाहेर बानतला येथे चर्मसंकुल उभारण्यात आले. टँगराच्या अनेक कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे आली. तरुण पिढी कॅनडा व अन्य देशांत गेली. टोरोंटो शहरात हक्का उपाहारगृहे आहेत, ती बऱ्याच अंशी याच लोकांची. १९६९ पासून निघणारे 'सेओंग पो' हे चिनी दैनिक २०२० च्या महामारीच्या काळात बंद पडले. एके काळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आता अंदाजे दोन-अडीच हजारांवर आला आहे.

आपल्यासाठी बोध

टिरेटा बाजारापासून जवळच बहुबाजार भागात कृपाशरण महास्थविरांनी १८९२ साली स्थापन केलेल्या बौद्ध धर्मांकुर सभेचा विहार आहे. थोड्या अंतरावर कॉलेज स्क्वेअर येथे महाबोधी सभेचा विहार आहे. बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावरील बाबासाहेबांचा प्रसिद्ध लेख १९५० साली याच सभेच्या नियतकालिकात छापला गेला. या विहारांच्या दर्शनास जाणाऱ्या उपासकांनी रविवारची एक पहाट टिरेटा बाजारासाठी राखून ठेवावी आणि छातावाला गल्लीतील मंदिरही पाहावे.

तेथे नवस बोलण्याची आवश्यकता नाही. मूर्ती कोणास संकटातून सोडवीत नाही. देवळीच्या छावणीतील माणसांनाही तिने सोडविले नाही. परंतु जगाचा आवाज ऐकणे हा गुण त्या नामात सांगितलेला आहे, आणि तो गुण माणसानेच आचरणात आणावयाचा असतो. कातड्याच्या हौदाशी उभ्या असलेल्या चर्मकाराचा आवाज या देशाने ऐकला नाही. छावणीच्या तारेमागील चिनी मुलाचाही ऐकला नाही. दोघांचाही अपराध एकच होता, तो म्हणजे त्यांचा जन्म. माणसाची योग्यता जन्माने ठरत नाही, कर्माने ठरते, असे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. ते वचन आपल्या न्यायासाठी आपण नेहमी पुढे करतो. ते दुसऱ्याच्या न्यायासाठीही तितक्याच आग्रहाने पुढे करावे, हाच या लहानशा वस्तीच्या परिचयाचा हेतू आहे.