नवा टीव्ही कुणासाठी?

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि ईद त्याच्या पाठोपाठ एक-दोन दिवसांत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारांना याहून चांगला आठवडा मागूनही मिळाला नसता. ‘जुना द्या, नवा न्या’च्या पाट्या आतापासूनच लागू लागल्या आहेत. गंमत अशी, की याच दिवसांत अनेक मुस्लिम घरांतला टीव्ही मुका असतो. काही घरी रमजानभर त्याच्यावर चादर टाकलेली असते, काही घरी तो फक्त बातम्यांपुरता लागतो. संध्याकाळ इफ्तारच्या तयारीत जाते आणि रात्र तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या जादा नमाजात. महिनाभर बंद राहिलेल्या त्या खोक्याकडे बघून ईदच्या खरेदीची यादी करताना कुणीतरी विचारतंच, “एवढ्यात हा डबा काढून एलईडी घेऊया का?” शेजारच्या घरी पाडव्याच्या मुहूर्ताच्या निमित्ताने हाच विषय चाललेला असतो.

प्रश्न एकच, पण घरातला प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतो. मुलगा म्हणतो, “अब्बा, आता कुणाच्या घरी असला टीव्ही आहे?” अब्बा म्हणतात, “चालतोय ना? मग?” अम्मीचं लक्ष टीव्हीच्या मागे अडकलेल्या दीड-दोन फूट जागेवर असतं, तो कोपरा मोकळा झाला तर शिलाई मशीन तिथे बसेल. दादी मात्र काही बोलत नाही. दुपारी घर रिकामं असताना सगळ्यात जास्त टीव्ही तीच बघते, आणि तिला कुणी विचारतही नाही. नावं बदला, अब्बांच्या जागी बाबा आणि दादीच्या जागी आजी घाला, चित्र तेच राहतं.

अब्बांचा जीव त्या खोक्यात का अडकतो, हे समजून घ्यायला हवं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा लहान गावांत अख्ख्या गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. रविवारी सकाळी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा, आणि त्या चपला कुठल्या धर्माच्या हे कुणी पाहत नव्हतं. पुढे घराघरात टीव्ही आला तो भिशीच्या पैशांतून, बोनसमधून किंवा हप्त्यांवर. त्याच्या मापाचं शोकेस करून घेतलं, त्यावर क्रोशाचं विणलेलं आवरण आलं. त्या पिढीसाठी टीव्ही घेणं ही घरातली एक घटना होती. “चालतोय ना?” या वाक्यात ते सगळं असतं.

तरीही निर्णय घ्यायचा तो हिशोबाने. दुकानात सगळ्यात आधी सांगितलं जातं, की नव्या टीव्हीला वीज कमी लागते. ते खरं आहे. पण किती कमी? जुना २१ इंची टीव्ही साधारण ८० वॅटचा धरा आणि नवा ३२ इंची एलईडी ४५ वॅटचा. रोज ५ तास चालवला, तर महिन्याला जेमतेम ५ युनिटचा फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरले, तर महिन्याचे ४० रुपये वाचले. नवा टीव्ही १२ हजारांना घेतला, तर निव्वळ विजेच्या बचतीतून ते पैसे फिटायला सुमारे २५ वर्षं लागतील. तेव्हा वीज वाचते म्हणून चालू टीव्ही बदलण्यात अर्थ नाही.

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. लहान टीव्ही घेणाऱ्याला “टॅक्स कमी झाला, लगेच घ्या” असं कुणी सांगत असेल, तर ती सवलत त्याच्यासाठी नाही.

मग बदलायचा कधी? जुना टीव्ही बिघडला, की आधी मेकॅनिकला दाखवावा. आवाज गेला, चॅनल बदलत नाही, मध्येच बंद पडतो, असे बिघाड कित्येकदा एखाद्या सुट्या भागाचे असतात आणि थोडक्यात सुधारतात. पण चित्र दिसायलाच पाच-दहा मिनिटं लागत असतील, रंग पसरत असतील, उजेड पार मंदावला असेल, तर पिक्चर ट्यूब संपत आली आहे असं समजावं. नवी ट्यूब आता बाजारात मिळत नाही; मिळालीच तर दुसऱ्या जुन्या टीव्हीतून काढलेली. तिथे पैसे घालू नयेत. आणि काहीही झालं तरी मागचं झाकण घरी उघडू नये. टीव्ही बंद करून प्लग काढला, तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

नवा घ्यायचंच ठरलं, तर घरातून निघताना मापाची टेप घ्यावी. जुन्या टीव्हीची चौकट ४ बाय ३ या प्रमाणात होती, नव्याची १६ बाय ९ आहे. म्हणजे नवा टीव्ही रुंद असतो, उंच नाही. २१ इंची जुन्या टीव्हीवर चित्राची उंची साधारण १२ इंच असते. २४ इंची एलईडीवरही तेवढीच भरते. ज्यांनी २१ काढून २४ घेतला, त्यांना “मोठा घेतला तरी माणसं लहानच दिसतात” असं वाटतं, त्याचं कारण हे. ३२ इंचीवर ती उंची साडेपंधरा इंचांच्या आसपास जाते. पण त्याची रुंदी २८ इंचांच्या वर असते, आणि शोकेसच्या जुन्या कप्प्यात तो बहुधा मावत नाही. सुताराचा खर्च त्याच दिवशी हिशोबात धरलेला बरा.

दुसरी गोष्ट सेट टॉप बॉक्सची. घरचा जुना बॉक्स लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडला, तर नव्या मोठ्या पडद्यावर चित्र आधीपेक्षा फुटकं दिसतं. दुकानातलं लखलखीत चित्र घरी दिसायचं, तर एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर आणि एचडी चॅनलचं वाढीव पॅकेज लागतं. जुन्या मालिका आणि सिनेमे रुंद पडद्यावर ताणले जाऊन सगळी माणसं जाडजूड दिसू लागतात. ती सेटिंगमधून दुरुस्त करता येतात, फक्त बसवायला आलेल्या माणसाकडून ते शिकून घ्यावं. महिन्याचा खर्चच नको असेल, तर दूरदर्शनची फ्री डिश दोन्ही प्रकारच्या टीव्हीवर चालते.

आता पुन्हा दादीकडे येऊ. जुन्या टीव्हीचं चित्र कुठूनही बघितलं तरी सारखंच दिसायचं. खोलीच्या कडेला चटईवर बसून भाजी निवडता निवडता बघा, नाहीतर खाटेवर आडवं होऊन. स्वस्तातल्या बऱ्याच एलईडी टीव्हींवर बाजूने किंवा खालून पाहिलं, की रंग फिके पडतात. समोर सोफा असलेल्या घरात हे जाणवत नाही. जमिनीवर बसणाऱ्या घरात रोज जाणवतं. आवाजाचंही तसंच आहे. पातळ टीव्हीत स्पीकर लहान असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. तरुण कानांना ते चालतं. उतारवयात मात्र शब्द नीट लागत नाहीत. आवाज वाढवला की घरातले ओरडतात, कमी केला की मालिका कळत नाही.

सगळ्यात मोठा बदल रिमोटचा. जुन्या टीव्हीवर एक बटण दाबलं, की कालचंच चॅनल समोर यायचं. स्मार्ट टीव्ही लावला, की आधी चित्रांच्या चौकोनांची रांग येते, मग हवं ते शोधायचं. मधेच चुकीचं बटण दाबलं गेलं, तर परत कसं यायचं ते कळत नाही. मग जी बाई इतकी वर्षं स्वतःच्या हाताने टीव्ही लावत होती, ती शाळेतून नातू यायची वाट बघत बसते. दोन-तीनदा विचारून झाल्यावर विचारणंही सोडून देते. घरातल्यांना वाटतं, दादीची टीव्हीची हौस संपली. तिच्या हातातून काय गेलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे साधा एलईडी घ्यावा आणि मुलांना इंटरनेटवरचं काही बघायचं असेल, तेव्हा त्याला स्टिक जोडावी. दुसरा, स्मार्टच घ्यायचा असेल, तर चालू करताच थेट सेट टॉप बॉक्स लागेल अशी सोय त्याच्यात आहे का, हे विकत घेण्याआधी विचारावं. जुना टीव्ही धड असेल, तर तो तिच्या खोलीत ठेवणं हाही एक मार्ग आहे.

तो ठेवायचा नसेल, तर कुठे जाणार हे आधी ठरवावं. एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल, तर दुकानदाराला एक्स्चेंजशिवायचा भाव आधी विचारावा. जुन्याची खरी किंमत किती धरली ते तिथेच कळतं. भंगारवाल्याला दिला, तर तो सहसा ट्यूब फोडतो, तांब्याची गुंडाळी काढून घेतो आणि काच टाकून देतो. त्या काचेत शिसं असतं, आणि ती काच जिथे पडते तिथे बऱ्याचदा लहान मुलंच भंगार वेचत असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापर-प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. तेव्हा नवा टीव्ही घेताना “जुना कुठे देता?” हे दुकानात विचारायला संकोच नको. कुणा गरजूला द्यायचा असेल, तर दुरुस्त करून, रिमोटसकट द्यावा. अखेरचे दिवस मोजणारी वस्तू दुसऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत ढकलणं म्हणजे मदत नव्हे.

आणि दुकानात जाताना दादीला बरोबर न्यावं. तिला खुर्ची मागावी, रिमोट तिच्या हातात द्यावा आणि बाकीच्यांनी दहा मिनिटं गप्प बसावं. तिला तिचं चॅनल स्वतः लावता आलं, बसल्या जागेवरून चित्र दिसलं आणि शब्द ऐकू आले, तर तोच टीव्ही बांधून घ्यावा, मग तो २४ इंची असो की ४३. नाही जमलं तर सेल्समनला शुक्रिया म्हणून पुढच्या दुकानात जावं. पाडवा-ईद उलटून गेली तरी दुकानं उघडी असतात, आणि घरचा डबा अजून चालू आहे.