हात लावून पाहायचं चित्र

चित्रप्रदर्शनात ‘हात लावू नये’ ही पाटी ठरलेलीच. डोळसांना तिचं काही वाटत नाही. दृष्टिहीन माणसाचं प्रदर्शन मात्र तिथेच संपतं. आणि गंमत अशी की ती पाटीसुद्धा त्याला दुसऱ्यानेच वाचून दाखवावी लागते.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ साली वेगळी वाट धरली. पॅरिसमधले अंध छायाचित्रकार एवगेन बावचर यांच्या कामाने ते भारावले होते. ताडदेवच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे दिले. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम तो हाच. आवाज येईल तिकडे कॅमेरा वळवायचा, हाताने चाचपून अंतर ठरवायचं, उन्हाची ऊब कुठल्या अंगाला लागते त्यावरून उजेड ओळखायचा. प्रदर्शनातही नुसते फोटो टांगले नाहीत. सोबत बोटांनी पाहायची उठावाची चित्रं, ब्रेलमधला मजकूर आणि कानांनी ऐकायचं वर्णन.

उठावाचं चित्र करण्याची एक रीत सोपी आहे: खास कागदावर काळ्या रेषा छापून उष्णता दिली की तेवढ्याच रेषा फुगतात. खरी कसोटी त्याआधी. फोटोतलं सगळंच फुगवलं तर बोटाला नुसती गिचमिड लागते. गर्दीतला एक चेहरा ठेवायचा की त्याच्यामागची खिडकी? डोळ्याला चित्र एकदम दिसतं, बोटाला ते गोष्टीसारखं क्रमाने उलगडतं. मग सुरुवात कुठून, हे कुणीतरी ठरवायला हवं. वर्णनाचंही तसंच. ‘बाई उभी आहे’ एवढ्यावर भागत नाही. ती ताटकळली आहे की रुसली आहे, हे सांगणारा चित्राचा अर्थच लावत असतो. माझ्या मते ही निवड म्हणजे निर्मितीच. शेवटच्या दिवशी चाकाच्या खुर्चीसाठी दारात टाकलेल्या फळीशी तिची तुलना होऊ नये.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये नामवंत चित्रांच्या उठावदार प्रती खास स्पर्शासाठी मांडल्या. आपल्याकडे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी १९५७ मध्ये दृष्टी गेल्यावरही कागदाची कोलाजं केली, शांतिनिकेतनात भित्तिचित्र उभारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ कला दिव्यांगांपर्यंत पोहोचवायला सांगतं. दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारायलाही ते सांगतं. पण हे कलम वाचतो कोण?

आमच्या झरी जामणी तालुक्यात हे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. उलट इथे ते सोपं आहे. कोलाम आदिवासींची बांबूची टोपली हाताळल्याशिवाय कळतच नाही. काठाला वीण कुठे घट्ट होते, तळाशी पट्ट्या कशा एकमेकींवर चढतात, हे काचेमागून काय दिसणार? तिच्याशेजारी मोबाइलवर कोलामी, गोंडी आणि मराठीत वर्णन ठेवलं, तर मराठी पाटी न वाचता येणाऱ्या आजीलाही ते कामाचं. हेच वर्णन कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत, व्हिडिओवर. मेज असं की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे गुडघे खाली मावतील. वर्गाची पायरी एक फूट उंच असेल तर उतरण बारा फूट लांब. त्याहून आखूड केली तर ती घसरगुंडी होते.

शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. यंदा प्रदर्शन ठरवाल तेव्हा गावातल्या दिव्यांग मंडळींना पहिल्या बैठकीलाच बोलवा. उद्घाटनाला नारळ कुणाच्या हाती द्यायचा, ते मागाहून बघता येईल.