विशेष बालके, संगणक आणि शिक्षक

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. संसाराबरोबर शाळेत जाणारी काही मुलेही जातात. काही हंगामी वसतिगृहात वा आजी-आजोबांजवळ गावी राहतात. हंगाम संपून कुटुंबे परतली म्हणजे गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातील शिक्षकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. चौथीत पोचलेले एखादे मूल अजून अक्षरे जुळवीत वाचते, 'घर' या शब्दाचे 'धर' करते, तोंडी हिशेब मात्र चटकन सांगते. हे मूल मागे पडले ते शाळा बुडाल्यामुळे, दृष्टी अथवा श्रवण यांतील दोषामुळे, की त्याच्या ठायी अध्ययन अक्षमता आहे म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. केवळ शाळा बुडालेल्या मुलावर अक्षमतेचा शिक्का बसतो. किंवा ज्याला खरोखर अक्षमता आहे ते मूल 'तोडीवर गेले होते, म्हणून कच्चे राहिले' या समजुतीआड दडून राहते आणि पुढे कंटाळून शाळा सोडते.

अशा मुलांसाठी, तसेच स्वमग्न बालकांसाठी, संगणकावरील 'मेंदूचे व्यायाम' हा उपाय गेल्या तीन दशकांत जगभर पुढे आला. आज हे व्यायाम मोबाईलवरही मिळतात. गावच्या शाळेत संगणक आला आहे, ग्रामपंचायतीजवळ दिव्यांगांसाठीचा निधी आहे; अशा वेळी या साधनांचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, हे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

दोन निरनिराळ्या अवस्था

अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन वेगवेगळ्या अवस्था आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण, क्वचित त्याहूनही तीव्र असते. परंतु वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य त्याला सहजासहजी साध्य होत नाही. वाचनातील अक्षमतेचे मूळ बहुधा ध्वनींच्या जाणिवेत असते. बोललेला शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला आहे आणि प्रत्येक ध्वनीला लिपीत खूण आहे, हे नाते अशा मुलाच्या मनात पक्के होत नाही. घराण्यात पूर्वी कोणाला हीच अडचण असल्याचेही पुष्कळदा आढळते. आळस, हूडपणा किंवा आईबापांचे दुर्लक्ष ही तिची कारणे नव्हेत.

देवनागरी लिपी बरीचशी उच्चारानुसारी असली तरी तिच्याही खाचाखोचा आहेत. 'किरण' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी काढावी लागते, उच्चार मात्र नंतर होतो. 'पर्वत', 'प्रकाश', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत एकच 'र' चार वेषांत येतो. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्या आकृतींत अंतर थोडे. इंग्रजीसाठी केलेली चाचणी वा व्यायाम मराठी मुलाला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' हा चाचणीसंच तयार केला, त्यामागे हीच जाणीव होती.

स्वमग्नतेचे स्वरूप याहून निराळे आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे वर्णन प्रथम सविस्तर केले. हाक मारली तरी न पाहणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविणे, नजरेला नजर न देणे, एकच कृती पुनःपुन्हा करणे, ठराविक आवाज अथवा स्पर्श असह्य होणे ही तिची काही लक्षणे होत. पुष्कळ मुलांमध्ये ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दिसू लागतात. म्हणून अंगणवाडी सेविकेचे निरीक्षण येथे मोलाचे ठरते. अध्ययन अक्षमता मात्र मूल वाचू-लिहू लागल्यावर, साधारणतः तिसरीच्या सुमारास निश्चितपणे ओळखता येते.

मेंदूचा व्यायाम म्हणजे काय?

मेंदू हा अनुभवाने घडत जाणारा अवयव आहे. सरावाने त्यातील जोडण्या बदलतात. या तत्त्वावर संगणकीय व्यायामांची उभारणी झाली आहे. १९९६ साली अमेरिकेत मायकेल मर्झेनिच व पॉला टलाल यांच्या सहकार्यातून 'फास्ट फॉरवर्ड' ही पद्धती पुढे आली. 'बा' आणि 'दा' या उच्चारांतील फरक ध्वनीच्या आरंभीच्या काही मिलिसेकंदांत सामावलेला असतो. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना हा झपाट्याने होणारा बदल टिपता येत नाही, असे गृहीत धरून संगणक तो ध्वनी ताणून व ठळक करून ऐकवी आणि मूल सरावले म्हणजे हळूहळू मूळ वेगावर आणी.

दुसरी पद्धती स्वीडनमधील टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या संशोधनातून निघालेली 'कॉगमेड' ही होय. पडद्यावरील चौकटींत एकामागून एक ठिपके उजळतात. मुलाने ते त्याच क्रमाने वा उलट क्रमाने दाखवायचे. जमले की ठिपके वाढतात. ऐकलेले वा पाहिलेले क्षणभर मनात धरून त्यावर काम करण्याची जी शक्ती, तिला कार्यस्मृती म्हणतात. ती वाढली तर अवधान, वाचन व गणित या सर्वांत सुधारणा होईल, अशी या पद्धतीमागील अपेक्षा होती.

अपेक्षा आणि अनुभव

ही अपेक्षा कितपत खरी ठरली? पाढे घोकणारे मूल पाढ्यांत तरबेज होते, पण त्यामुळे त्याचा निबंध सुधारत नाही. एका कौशल्याचा सराव दुसऱ्या कौशल्यात किती उतरतो, हा मानसशास्त्रातील जुना प्रश्न आहे. थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी १९०१ सालीच दाखवून दिले होते की, आयतांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव केलेल्या माणसांना इतर आकृतींच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

संगणकीय व्यायामांच्या बाबतीतही निष्कर्ष याच दिशेचे निघाले. 'फास्ट फॉरवर्ड'विषयीच्या नियंत्रित प्रयोगांचा २०११ साली एकत्रित आढावा घेण्यात आला. भाषा वा वाचन यांत तिच्यामुळे सुधारणा होते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. कार्यस्मृतीच्या व्यायामांवरील तेवीस अभ्यासांचे विश्लेषण मोनिका मेल्बी-लेर्व्हाग व चार्ल्स ह्युम यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. मुले त्या खेळात व त्यासारख्या कसोट्यांत पुढे गेली होती, पण वाचन आणि गणित यांत भरीव फरक आढळला नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये 'लुमोसिटी' या प्रसिद्ध संचाच्या निर्मात्यांवर पुरेशा पुराव्यावाचून दावे केल्याचा आक्षेप ठेवला आणि हे प्रकरण वीस लाख डॉलर भरण्याच्या अटीवर मिटले.

याचा अर्थ संगणक निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्याचा सराव करावा तेच सुधारते. मुलाला वाचता यावे असे वाटत असेल तर सराव ठिपक्यांचा नव्हे, अक्षरांचा व ध्वनींचाच हवा.

शेजारी बसलेला माणूस

फिनलंडमधील युवॅस्किला विद्यापीठात विकसित झालेला 'ग्राफोगेम' हा खेळ या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. त्यात मूल ध्वनी ऐकते व पडद्यावरील योग्य अक्षर निवडते. म्हणजे सराव थेट वाचनाच्या मुळाशी भिडलेला असतो. निरनिराळ्या देशांतील त्याच्या वापराचा आढावा २०२० साली घेण्यात आला, तेव्हा सरासरीने शब्दवाचनात काहीच लाभ दिसला नाही. मात्र जेथे प्रौढ व्यक्ती मुलाशी बोलत होती, चुका समजावीत होती, खेळाचा धागा वर्गातील पाठाशी जोडत होती, तेथे लाभ स्पष्टपणे दिसून आला. यंत्र तेच, खेळही तोच; फरक होता तो शेजारच्या माणसाचा.

स्वमग्न बालकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. संगणक अशा मुलाला आवडतो, कारण तो रागावत नाही, दर वेळी सारखेच उत्तर देतो आणि नजर भिडविण्याचा आग्रह धरीत नाही. परंतु या गुणातच धोकाही आहे. माणसांत मिसळणे ज्याला अवघड जाते, ते मूल पडद्यात अधिकच गुंतून पडू शकते. दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी हा वेळ दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक नसावा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सर्वच बालकांसाठी दिला आहे.

पडद्याचा वेगळा उपयोग शेजारच्या गोव्यात करून पाहण्यात आला. 'संगत' या संस्थेच्या सहभागाने गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न बालकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. येथे तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी खास शिकविलेले स्थानिक कार्यकर्ते कुटुंबांबरोबर काम करीत. पालक व मूल खेळत असताना त्याचे चित्रीकरण करावयाचे आणि ते पालकांना दाखवावयाचे. मूल कोणत्या क्षणी काही सांगू पाहत होते आणि आपले लक्ष कोठे होते, हे आईला स्वतः पाहून उमगे. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी अधिक संवाद साधू लागली. पडदा येथे होता, परंतु तो पालकांसाठी.

ज्या मुलांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी संगणक वाणीचे काम करू शकतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जेलो' हे साधन या प्रकारचे आहे. 'पाणी', 'भूक', 'नको' अशा अर्थाच्या चित्रावर बोट ठेवले की यंत्र तो शब्द उच्चारते. हा मेंदूचा व्यायाम नव्हे. हे चष्म्यासारखे किंवा कुबडीसारखे सहायक साधन आहे. मात्र मुलाने मागितलेले पाणी देणारे कोणी तरी समोर असेल, तेव्हाच त्या शब्दाला अर्थ येतो.

कायदा आणि उपलब्ध सोयी

या मुलांच्या प्रश्नाकडे लक्ष देण्यात महाराष्ट्र अग्रेसर राहिला आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्यात १९९६ साली झाला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात या दोन्ही अवस्थांचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य झालेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोहोंना स्थान मिळाले. मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर हुडकून काढावी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, अशा तरतुदी या अधिनियमात आहेत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाड्या व शाळांना भेटी देतात. शिक्षकांनी संशयित मुलांची नोंद आधीच तयार ठेवल्यास या भेटीचा खरा उपयोग होतो. पथकाने पाठविलेल्या मुलाची पुढील तपासणी जिल्हा पातळीवर होते. समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन गटसाधन केंद्रामार्फत मिळू शकते. ज्या मुलाचे कुटुंब कार्तिकात गाव सोडणार आहे, त्याची तपासणी त्यापूर्वीच उरकणे हिताचे. एक हंगाम गेला की मुलाचे एक वर्ष जाते.

ग्रामपंचायतीने काय पाहावे?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. या निधीतून एखादा संगणकीय संच घेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तर सदस्यांनी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाची दृष्टी, श्रवण व अध्ययन यांची तपासणी झाली आहे काय? संच मराठी ध्वनी, मात्रा व जोडाक्षरे यांचा सराव घेतो काय? त्याचा लाभ त्या खेळाबाहेर, म्हणजे प्रत्यक्ष वाचनात वा संवादात, स्वतंत्र अभ्यासाने सिद्ध झाला आहे काय? मुलाशेजारी रोज कोण बसणार, आणि त्याला कोणी शिकविले आहे? मूल गावाबाहेर गेले तर हा सराव कसा चालू राहणार? यांपैकी चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर खरेदी लांबणीवर टाकून तो पैसा तपासणीसाठी मुलांना नेण्या-आणण्यावर आणि पालकांच्या प्रशिक्षणावर खर्च करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

शाळेत संगणक असो वा नसो, काही गोष्टी उद्यापासून सुरू करता येतील. रोज पंधरा-वीस मिनिटे एका मुलाजवळ बसावे. शब्द टाळ्या वाजवून तोडावा, ध्वनी वेगळे म्हणवून घ्यावेत, अक्षर वाळूत बोटाने गिरवून घेऊन मोठ्याने उच्चारावे. एक खूण पक्की झाल्यावरच दुसरी घ्यावी. वर्गासमोर मोठ्याने वाचावयास लावून त्याची फजिती होऊ देऊ नये. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, सूचना थोडक्या शब्दांत द्यावी, आणि त्याने नजर वळविली तर ती संवादाची सुरुवात समजून प्रतिसाद द्यावा. संगणक असल्यास याच पाठाची उजळणी त्यावर करून घ्यावी. कंटाळा न करता शंभर वेळा तोच ध्वनी ऐकविणे, हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते. एकशेएकाव्या वेळी मूल का अडले, हे ओळखण्यासाठी मात्र शिक्षकच लागतो.

ऊसतोडीहून परतलेले ते मूल 'घर' हा शब्द ज्या दिवशी न अडखळता वाचील, त्या दिवशी त्याची शाळेत टिकण्याची शक्यता वाढलेली असेल. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री थोडी आहे. वेळ, चिकाटी आणि समंजस दृष्टी मात्र पुष्कळ हवी. ती गावातच आहे. तपासणीची यादी शाळेने, भेटीचा दिवस आरोग्य पथकाने आणि खर्चाचा निर्णय ग्रामसभेने वेळेवर ठरविला, तर उमापूरसारख्या गावातील एकही मूल केवळ ओळखले न गेल्यामुळे मागे राहण्याचे कारण उरणार नाही.