लाल सालीसकट शेंगदाणा

शेंगदाणा, बदाम, अक्रोड, काजू यांच्या अर्काने शुगर आटोक्यात येते, असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरतो. नांदेड-लातूरकडेही तो लगेच पुढे पाठवला जातो, कारण शुगरची गोळी चालू असलेलं कुणी ना कुणी ओळखीत असतंच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाखांवर गेला. त्या मजकुरात तथ्य आहे, पण ते किती हे समजून घ्यायला हवं.

भाकरीतला स्टार्च आधी लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे विकर तोडतं. उरलेलं काम लहान आतड्याच्या अस्तरातलं अल्फा-ग्लुकोसिडेज करतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. ही विकरं मंदावली, तर जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या हेच करतात, म्हणून त्या जेवताना पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात.

दाण्यांच्या अर्कात हा गुण आहे का, हे तपासायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथे हे सहज होऊ शकतं. दाण्याची पूड करून आधी तेल काढायचं, मग चोथा मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क घ्यायचा. विकरात पीएनपीजी नावाचं रसायन घातलं की द्रव पिवळा होतो. अर्क मिसळल्यावर पिवळेपणा जितका उतरेल, तितकं विकर अडलं असं समजायचं. विकराला अडवण्यात मोठा वाटा पॉलिफेनॉलांचा, आणि शेंगदाण्यात ती मुख्यतः लाल सालीत असतात. कुटासाठी दाणे भाजून, चोळून, सुपात पाखडताना आपण नेमकी तीच उडवून देतो.

परीक्षानळीतलं यश मात्र थेट पोटात उतरत नाही. आपण मिथेनॉलचा अर्क खात नाही, दाणे खातो. त्यामुळे माणसांवरचे प्रयोग मला जास्त मोलाचे वाटतात. टोरांटोमध्ये ११७ मधुमेहींवर तीन महिने प्रयोग झाला. एका गटाने पिष्टमय पदार्थांच्या जागी रोज सुमारे ७५ ग्रॅम मिश्र दाणे खाल्ले, त्यात शेंगदाणेही होते. त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा रक्तातला आकडा, ०.२१ टक्क्याने उतरलं. मुंबईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २७५ तरुण-तरुणींपैकी एका गटाला ९० दिवस रोज ५६ ग्रॅम बदाम दिले, आणि त्यांचंही एचबीएवनसी कमी झालं. दोन्ही प्रयोगांना दाण्यांच्या व्यापाराशी जोडलेल्या संस्थांची मदत होती, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.

टोरांटोच्या प्रयोगातली खरी गोष्ट ‘जागी’ या शब्दात आहे. दाणे जेवणात वाढवले नव्हते, दुसरं काही काढून त्या जागी ठेवले होते. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात. दोन भाकरी, भात आणि वर मूठभर दाणे खाल्ले तर वजनच वाढेल. चिक्कीतला गूळ तर साखरच.

सोयाबीन आल्यापासून मराठवाड्यात भुईमूग मागे पडला, तरी महागड्या बदामापेक्षा शेंगदाणाच अजून आपल्या खिशाला परवडतो. विकत घेताना बुरशी लागलेला, खवट दाणा बाजूला काढा. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. गोडंबी, म्हणजे बिब्याच्या आतली बी, खायची तर नीट सोललेलीच. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, हे बिबे फोडणाऱ्या बायांच्या हातांवर दिसतं.

यंदा एक भाकरी कमी करा आणि कूट सालीसकट करा. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने सोडू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतं, तेव्हा तीन महिन्यांनी रक्त तपासून तो आकडा त्यांना दाखवा.